गोष्ट अर्ध्यावर सोडा, निर्णय मुलांकडे द्या

प्रश्न असा आला आहे: "मी जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेत सहावी-सातवीला नागरिकशास्त्र शिकवते. तात्त्विक संवाद, गोष्ट आणि नाटक यांची सांगड घालून लोकशाही शिकवा, असं प्रशिक्षणात सांगतात. प्रत्यक्षात गोष्ट संपली की मुलं लगेच तात्पर्य सांगून मोकळी होतात. चर्चेत दोन हुशार मुलं बोलतात, बाकीची माना डोलावतात. नाटक बसवायला घेतलं की त्याचं स्नेहसंमेलन होतं. तिन्ही एकत्र आणायचं म्हणजे नेमकं काय करायचं? आणि त्याला लोकशाहीचं शिक्षण का म्हणायचं? गोष्टी सांगून मूल्यशिक्षण तर आपण आधीपासून करतोच."

ताई, निदान तुम्हीच केलं आहे. तुमच्याकडे ही तीन कामं तीन वेगळ्या धन्यांसाठी चालली आहेत. गोष्ट संस्कारासाठी, चर्चा स्वाध्यायासाठी आणि नाटक पाहुण्यांसाठी. एकाच तासिकेत ती ओळीनं घेतली तरी सांगड बसायची नाही. तिन्हींना एकाच अडचणीला जुंपलं की ती बसते. गोष्टीनं अडचण उभी करायची आणि ती न सोडवता थांबायचं. नाटकात कुणीतरी उठून ती अडचण अंगावर घ्यायची. त्यानं जे केलं ते योग्य का, याची कारणं संवादात तपासायची आणि कारण कच्चं निघालं तर पुन्हा नाटकात जायचं. या फेऱ्यांमध्ये उत्तर आधीच ठरवून बसलेला माणूस कुणी नसावा, शिक्षकसुद्धा. लोकशाही आहे ती या अटीत. विषय संविधानाचा आहे की मैदानाचा, याला त्या मानानं कमी महत्त्व.

आधी तात्पर्याचं बघू, कारण सगळं घोडं तिथंच अडतं. आपल्याकडची व्रताची कहाणी "आटपाट नगर होतं" इथून निघते आणि "साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" इथं पोचते. व्रताला ते शोभतं, तिथं ऐकणाऱ्याला भरवसाच हवा असतो. वर्गात मात्र मूल अंगणवाडीपासून एवढंच शिकलेलं असतं की गोष्टीचं शेवटचं वाक्य मोठ्यांचं असतं आणि ते जो आधी ओळखेल त्याला शाब्बासकी मिळते. मग मुलं गोष्ट ऐकत नाहीत, बाईंच्या मनात काय आहे त्याचा अंदाज बांधत बसतात. तुमची मुलं तात्पर्य सांगून मोकळी होतात ती आळशी आहेत म्हणून नाही. त्यांना तेच काम दिलेलं आहे.

नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंग घेऊन निरूपण होतं आणि उत्तररंगात आख्यान. सिद्धान्त पुढे, कथा मागे. कथा कशासाठी सांगितली जाते आहे हे श्रोत्याला आधीच ठाऊक असतं. कीर्तन म्हणून ती रचना उत्तम आहे, वर्गात मात्र क्रम उलटा लागतो. गाडगेबाबा आपल्या कामाच्या जास्त जवळ येतात. ते श्रोत्यांना थेट प्रश्न टाकायचे, उत्तर त्यांच्याच तोंडून घ्यायचे, त्यावर पुढचा प्रश्न. ऐकायला हा संवाद वाटतो, पण कुठं पोचायचं ते बाबांचं पक्कं असे: कर्ज काढून सण करू नका, पोरांना शाळेत घाला. ती मोहीम होती आणि मोहिमेला असेच प्रश्न लागतात. गाडगेबाबांची पद्धत उचलून "चला, तात्त्विक संवाद झाला" म्हणणारी प्रशिक्षणं मी बरीच पाहिली. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल तर ती उजळणी झाली. तिलाही जागा आहे, पण ती ही नव्हे.

आपल्याकडे याहून उपयोगी असं काही आहे का? आहे. जोतिराव फुल्यांनी 1855 साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिलं आणि पुस्तकांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइज कमिटीकडे धाडलं. कमिटीनं ते नाकारलं. ग्रहदशेची भीती घालणारा जोशी, त्याला फसणारं कुणबी जोडपं आणि शेवटी त्या जोडप्याचं शाळेत जायचं ठरणं, असा त्याचा गाभा. त्यात एक विदूषक आहे. तो गोष्टीच्या आत नाही आणि बाहेरही नाही. बाजूला उभा राहून तो चाललेल्या प्रकारावर बोलतो, पात्रं जे उच्चारत नाहीत ते प्रेक्षकांपुढे ठेवतो. पुढे 1873 साली 'गुलामगिरी' त्यांनी जोतीराव आणि धोंडीबा यांच्या प्रश्नोत्तरांत लिहिली. संवाद म्हणून सगळे तिचंच नाव घेतात. पण धोंडीबाच्या प्रश्नांची उत्तरं जोतीरावांकडे तयार आहेत. वर्गासाठी मला तो विदूषकच जास्त कामाचा वाटतो. तमाशातला सोंगाड्याही त्याच जातकुळीतला, चाललेल्या वगात मध्येच तोंड घालून सगळ्यांच्या मनातला प्रश्न विचारणारा.

हा विदूषक लक्षात ठेवा, कारण ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांनी घडवलेल्या नाट्यप्रकारात जवळपास असाच एक माणूस मध्यभागी उभा असतो आणि ते त्याला जोकरच म्हणतात. बोआलना 1971 साली लष्करी राजवटीनं अटक केली, छळ केला, मग त्यांना देश सोडावा लागला. 1973 मध्ये पेरूत ते साक्षरतेच्या कामात होते. तेव्हा त्यांची रीत अशी होती की अडचणीचा प्रसंग नटांनी करायचा, मध्ये थांबायचं, प्रेक्षकांनी उपाय सुचवायचा आणि नटांनी तो करून दाखवायचा. एकदा प्रसंग होता नवऱ्यानं फसवलेल्या बाईचा. प्रेक्षकांतली एक बाई म्हणाली, तिनं त्याच्याशी अगदी स्पष्ट बोलावं. नटीनं स्पष्ट बोलून दाखवलं. बाई म्हणाली, असं नाही. पुन्हा केलं, तरी नाही. शेवटी बोआल वैतागून म्हणाले, मग तुम्हीच या वर. बाई वर आली, तिनं झाडू उचलला आणि नवरा झालेल्या नटाला बदडून काढलं. स्पष्ट बोलणं म्हणजे तिच्या मनात काय होतं ते तेव्हा कळलं. त्यानंतर प्रेक्षकांनी सल्ला द्यायचा नाही, स्वतः पात्राच्या जागी उभं राहायचं, असा नियम झाला. फोरम थिएटर म्हणतात ते हे.

संवादाची बाजू अमेरिकन तत्त्वज्ञ मॅथ्यू लिपमन यांच्याकडून येते. कोलंबिया विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकवताना त्यांना वाटू लागलं की विचार कसा करायचा हे शिकवायला आपण फार उशीर करतो आहोत. 1974 मध्ये त्यांनी न्यू जर्सीत माँटक्लेअर इथं मुलांसाठीच्या तत्त्वज्ञानाची संस्था उभी केली. वर्गानं गोल बसून एक कथा वाचायची, प्रश्न मुलांनी काढायचे आणि एकमेकांच्या कारणांवर बोलायचं, ही त्यांची पद्धत. लिपमन यांच्यावर तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांचा मोठा प्रभाव होता, आणि ड्यूई हे कोलंबियात शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांचे शिक्षक. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नाही, ती मुळात एकत्र जगण्याची आणि अनुभव वाटून घेण्याची रीत आहे, हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांच्या 1936 सालच्या जातिनिर्मूलनावरच्या लेखनातही भेटतो. त्यामुळे हे परदेशी खूळ आहे असं केंद्रप्रमुख म्हणाले तर एवढं सांगायला हरकत नाही.

आता प्रत्यक्ष वर्ग. एक गोष्ट मी बऱ्याच शाळांत सांगतो, ती तशीच देतो.

वाडीच्या शाळेत मैदान एकच. मुलग्यांना क्रिकेट खेळायचं, मुलींना खो-खो. रोज भांडण. गुरुजी म्हणाले, आपण लोकशाहीनं ठरवू. सोमवारी हात वर करून मतदान झालं. मुलगे 21, मुली 14. आठवडाभर क्रिकेट. पुढच्या सोमवारी पुन्हा मतदान, पुन्हा 21 आणि 14, पुन्हा क्रिकेट. तिसऱ्या सोमवारी खो-खोसाठी 9 च हात वर आले. चौथ्या सोमवारी गुरुजींनी विचारलं, "खो-खो कुणाला हवा?" एकही हात वर गेला नाही. सुमनचा हात मांडीवरून थोडा उचलला, मग तिनं ओढणी सारखी केली. गुरुजी खूश होऊन म्हणाले, "बघा, सुरुवातीला भांडत होता. आता एकमत झालं की नाही?"

इथं थांबायचं. "मग काय झालं असेल?" हे विचारायचं नाही, नाहीतर मुलं शेवट रचायला लागतात. "यावरून काय शिकलो?" हे तर मुळीच नाही. एक मिनिट गप्प राहा. मग दोघादोघांत बोलायला सांगा: या गोष्टीत तुम्हाला काय खटकतंय, काय कळत नाही? प्रत्येक जोडीचा एक प्रश्न, जसाच्या तसा, मुलाच्या भाषेत फळ्यावर. तुमच्या प्रमाण मराठीत दुरुस्त करू नका. "पोरी गप का बसल्या" आणि "मुलींच्या मौनामागचे कारण काय" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि पहिला जास्त चांगला आहे. नंदुरबारच्या पाड्यावर पावरीत किंवा मेळघाटात कोरकूत प्रश्न आला तर तो तसाच लिहा, त्याच मुलाला अर्थ सांगू द्या.

मराठवाड्यातल्या एका शाळेत या गोष्टीवर आलेल्यांपैकी काही प्रश्न: गुरुजींना खरंच एकमत वाटलं का? मैदान अर्धं अर्धं का नाही केलं? हरल्यावर गप्प बसायचं असतं का? मुलग्यांना खो-खो आवडत नाही असं कुणी ठरवलं? तिसऱ्या सोमवारी ज्या पाच जणींनी हात खाली घेतला त्यांचं काय झालं? यांतले काही गोष्टीत शोधून सुटतात, काही कल्पनेनं सुटतात, आणि काहींवर सगळ्यांनी मिळून डोकं लावावं लागतं. ही वर्गवारी मुलांनाच करू द्या, सहावीतल्या मुलांना ती सहज जमते. शेवटच्या गटातला कुठला प्रश्न आधी घ्यायचा, ते हात वर करून ठरवा. त्या वर्गात मी असं म्हटल्याबरोबर मागून आवाज आला, "सर, हितंबी मतदानच?" गोष्ट पोचली, हे तिथं कळतं. त्या मुलाला उत्तर देऊ नका. तो प्रश्नही फळ्यावर घ्या.

पहिली तासिका एवढ्यात संपते. घाई करू नका, रात्र मध्ये गेलेली बरी.

दुसऱ्या दिवशी नाटक. पोशाख नाही, माइक नाही, पाठांतर नाही. बस्करपट्ट्या भिंतीला सरकवा. गुरुजी, क्रिकेटचा कप्तान, सुमन आणि पाचसहा मुलं-मुली एवढी पात्रं घेऊन चौथा सोमवार जसा गोष्टीत आहे तसा करायचा. दोन मिनिटांचा प्रसंग. मग तोच पुन्हा, पण आता प्रेक्षकांतल्या कुणीही "थांबा" म्हणायचं आणि सुमनच्या जागी यायचं. सुमनच्याच. गुरुजी बदलायचे नाहीत, कप्तान बदलायचा नाही. मुलांना लगेच चांगले गुरुजी व्हायचं असतं, कारण गुरुजी चांगले झाले की अडचणच उरत नाही. पण ज्याच्यावर अन्याय होतो आहे त्याच्या हाती समोरचा माणूस बदलणं नसतं. बाकीच्या पात्रांनी आपापल्या भूमिकेत राहून खरोखर विरोध करायचा, उगाच हार मानायची नाही.

एका मुलाला विदूषक करा. शक्यतो वर्गात कमी बोलणारा निवडा. त्याला दोनच अधिकार: खेळ कुठंही थांबवायचा आणि प्रेक्षकांना एक प्रश्न विचारायचा. मत द्यायचं नाही. सुरुवातीला हे काम तुम्ही करा, पण तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत मुलाकडे सोपवा. कमी बोलणारी मुलं हे काम फार चांगलं करतात. त्यांनी वर्षानुवर्षं बघण्याचंच काम केलेलं असतं.

त्या वर्गात पहिली मुलगी सुमनच्या जागी आली आणि तावातावानं म्हणाली, "आम्ही कमी हाओत हा आमचा गुन्हा हाय का?" कप्तान झालेल्या मुलानं शांतपणे विचारलं, "मग मतदानाला हो कशाला म्हणली होतीस? हरलं की रडायचं?" ती अडली. वर्ग हसला नाही. कप्तानाचा प्रश्न खराच होता. मग एक मुलगा सुमन झाला. म्हणाला, माझा मामा फौजदार हाय, त्याला बोलावतो. प्रेक्षकांतून ओरडा झाला, "जादू!" हा शब्द आधी शिकवून ठेवा. खऱ्या सुमनला जे शक्य नाही ते सगळं जादूत मोडतं आणि ते ओळखायचं काम मुलांचं.

मग एक मुलगी उठली, एरवी कधी न बोलणारी. मतदान सुरू व्हायच्या आधीच तिनं हात वर केला. "गुरुजी, 'कुठला खेळ' असं नका इचारू. 'कुठल्या वारी कुठला खेळ' असं इचारा." गुरुजी झालेली मुलगी क्षणभर गोंधळली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय इचारायचं ते मी ठरवणार." हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. विदूषक झालेल्या पोरानं तिथंच खेळ थांबवला आणि प्रेक्षकांना विचारलं, "हे कुणी ठरवायचं?"

आता सगळे गोल बसले आणि संवाद सुरू झाला, तो असा. एक मुलगा म्हणाला, प्रश्न कुठला ठेवायचा यावर पण मतदान घ्या. त्याच्या शेजारची म्हणाली, "त्यातबी 21 नि 14 च होणार की." बराच वेळ कुणी बोललं नाही. कुणीतरी म्हणालं, मग गुरुजींनीच ठरवावं. "मग मतदान कशाला?" हे दुसऱ्यानं. मी एकच विचारलं: असं काही आहे का, जे मतदानानं ठरवूच नये? एकानं सांगितलं, कुणाला मारायचं का यावर मतदान नाही घ्यायचं. आणखी कुणीतरी, पाणी कुणी प्यायचं यावर नाही. मग ती शेजारची मुलगी: "मैदान कुणाचं यावर नाही. मैदान समद्यांचंच हाय. कधी कोण खेळणार, यावर घ्या."

मूलभूत हक्कांचं प्रकरण तुम्ही यानंतर उघडा. संसदेत कितीही मोठं बहुमत असलं तरी मूलभूत हक्क हिरावणारा कायदा टिकत नाही असं 13 वं कलम सांगतं, आणि ते तिथं कशासाठी आहे हे या वर्गाला शिकवावं लागत नाही. काही गोष्टी मतदानाच्या आधीच पक्क्या असाव्या लागतात, इथपर्यंत मुलं स्वतःच्या पायांनी चालत आलेली असतात. मग बाबासाहेबांचं 1945 च्या मुंबईच्या भाषणातलं म्हणणं सोपं करून सांगता येतं: राजकीय बहुमत घडतं, मोडतं आणि पुन्हा घडतं, जमातीचं बहुमत जन्मानं येतं आणि कायमचं ठरलेलं असतं. 21 मुलगे आणि 14 मुली हे कुठल्या प्रकारचं बहुमत? हा प्रश्न सातवीचा वर्ग तासभर पुरवतो. पण हे भाषण आधी सांगितलंत तर ते तात्पर्य होऊन बसेल आणि पुढचं सगळं नाटक त्याची सजावट.

इथं एक उघड आक्षेप येतो. "असं काही आहे का जे मतदानानं ठरवू नये?" हा प्रश्न विचारून मी मुलांना वळवलं नाही का? थोडं वळवलं. शिक्षक वर्गात असतो तो शोभेला नाही. मी पाळतो ती मर्यादा अशी की मुलांनी आधी काढलेल्या कोंडीतून निघणारा प्रश्न विचारायचा, आणि त्याला "नाही, सगळंच मतदानानं ठरवावं" असं उत्तर आलं तर तेही तितक्याच गंभीरपणे घ्यायचं. एका वर्गात तसं आलं होतं. मुलं म्हणाली, मुलींनी चार मुलगे फोडावेत, राजकारण असंच असतं. त्यांनी तसं करूनही दाखवलं आणि सात मुलग्यांना खो-खो शिकवायचं आमिष दाखवून मतदान फिरवलं. वाईट उत्तर नव्हतं ते. घडणारं बहुमत म्हणजे काय, हे त्या वर्गाला भाषणाशिवाय कळलं.

आता दोन हुशार मुलांचं. त्यांना गप्प बसवू नका, त्यांचं काम बदला. बोलणाऱ्यानं आधी दुसऱ्या कुणाचं तरी म्हणणं नाव घेऊन सांगायचं आणि मग त्याला जोडायचं किंवा ते खोडायचं, हा नियम केला की हुशारांना ऐकावं लागतं. बोलायची पाळी चेंडू फेकून देत असाल तर तो अजून न बोललेल्याकडेच फेकायचा. एरवी चेंडू मित्रामित्रांतच फिरतो आणि मुलींच्या बाजूला जातच नाही. घेणाऱ्यानं "आत्ता नको" म्हटलं तर ते चालायला हवं. शिवाय मधूनमधून अंगणात चला. कडुनिंबाखाली पूर्ण सहमत, नळापाशी पूर्ण असहमत, मधली जागा मधल्यांची. विधान वाचायचं आणि मुलांनी आपापल्या जागी जाऊन उभं राहायचं. जीभ न उचलणारी मुलं पाय नक्की उचलतात. मग दोघातिघांना विचारा, इथं का उभा राहिलास? कुणाचं कारण पटलं तर जागा बदलायची मुभा ठेवा. मत बदलून सहा पावलं चालणं सगळ्यांना दिसतं आणि त्यात कमीपणा वाटत नाही, ही सवय लागायला जरा वेळ लागतो.

तुमच्या तोंडचं "छान!" बंद करा. "बरोबर!" तर त्याहून आधी. एकाला छान म्हटलं की बाकीची एकोणतीस तिकडे वळतात. "असं का वाटतं?", "नेहमीच असं असतं का?", "याच्या उलट उदाहरण कुणाकडे आहे?" एवढ्या तीन प्रश्नांवर मी वर्षानुवर्षं काम चालवतो आहे.

एक गोष्ट मात्र सांभाळून. गोष्ट वर्गातल्या खऱ्या भांडणाची किंवा खऱ्या घराची नसावी. वाडी दुसरी हवी, नावं दुसरी हवीत. हातपंपावर कुणाला थांबवलं जातं हे मुलांना ठाऊक असतं, आणि ज्याला थांबवलं जातं तोही त्याच गोलात बसलेला असतो. त्याला सगळ्यांसमोर स्वतःचीच भूमिका करायला लावणं हा शिक्षणाच्या नावाखाली केलेला छळ आहे. संध्याकाळी तो त्याच गल्लीतून घरी जाणार असतो. तो आपणहून बोलला तर ऐका. ओढून काढू नका. मैदानाची गोष्ट मी वापरतो ती यासाठीच. मुलं तिच्यातून जातीपर्यंत स्वतः जातात, ज्यांना जायचं ती, जेव्हा जायचं तेव्हा.

तुमचा शेवटचा प्रश्न, याला लोकशाहीचं शिक्षण का म्हणायचं? खरं सांगायचं तर एवढ्यावर म्हणू नये. इथपर्यंत झाली ती रंगीत तालीम. मुलांनी वर्गात सुंदर कारणं द्यायची आणि शाळेच्या खऱ्या मैदानाचं वेळापत्रक मुख्याध्यापकांनी कार्यालयात बसून लावायचं, असं चाललं तर मुलं दोन महिन्यांत ओळखतात की हा खेळ आहे. बोआल स्वतः 1993 ते 1996 रिओचे नगरसेवक होते. त्या काळात त्यांनी वस्त्यावस्त्यांत फोरम थिएटर करून तिथून निघालेले उपाय कायद्याच्या मसुद्यांत घातले, आणि त्यांतले 13 कायदे मंजूर झाले. स्कॉटिश शिक्षक ए. एस. नील यांनी 1921 साली सुरू केलेल्या समरहिल शाळेच्या सभेत सहा वर्षांच्या मुलालाही एक मत आणि नीलनाही एकच. पोलंडचे डॉक्टर आणि शिक्षक यानुश कोर्चाक यांच्या वॉर्सातल्या अनाथालयात मुलांचं न्यायालय होतं आणि तिथं मोठ्यांवरही तक्रार करता यायची, खुद्द कोर्चाक यांच्यावरसुद्धा झाली. तुम्हाला एवढं करायला कुणी सांगत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत ते होणारही नाही.

पण एक खरा निर्णय मुलांकडे द्या. लहान असू द्या, पण खरा. मैदानाचं वेळापत्रक, ग्रंथालयाच्या पेटीतली पुस्तकं कुणाला किती दिवस, सहलीचं ठिकाण, खिचडीच्या रांगेचा क्रम. त्याबद्दल मुख्याध्यापकांशी आधी बोला, आणि मुलांचा ठराव मान्य नसेल तर ते वर्गात येऊन कारण सांगतील एवढं त्यांच्याकडून कबूल करून घ्या. "नाही" चालेल, कारणाशिवायचं "नाही" चालणार नाही. बहुतेक मुख्याध्यापक याला तयार होतात. त्यांनाही अशी भांडणं आपल्या टेबलावर नकोच असतात. तुमच्या शाळेत शालेय मंत्रिमंडळ किंवा मीना राजू मंच कागदावर असेलच, तर ठराव त्याच्या नावानं करा. नवं खातं उघडायची गरज नाही.

वेळेचं गणित विचाराल तर एका गोष्टीला तीन तासिका आणि महिन्याला एक गोष्ट. याहून जास्त करू नका, अभ्यासक्रम मागे पडला की पालक आणि केंद्रप्रमुख दोघंही याच कामाकडे बोट दाखवतील. मूल्यमापनाच्या नोंदवहीत "सहभाग चांगला" असं लिहू नका. मुलानं कुणाचं म्हणणं खोडलं आणि काय कारण दिलं, ते एक वाक्य लिहा. वर्षाअखेरीला त्या वाक्यांतून जे दिसतं ते श्रेणीत मावत नाही, पण पालकसभेत वाचून दाखवता येतं.

आणि मुलांनी चुकीचा निर्णय घेतला तर? घेतील. एका शाळेत सातवीनं मैदानाचं फार विचार करून वेळापत्रक केलं. सोमवार-बुधवार खो-खो, मंगळवार-गुरुवार क्रिकेट, शुक्रवारी ज्याला जे हवं ते. पहिली ते चौथीच्या मुलांना त्यात एकही वार नव्हता, कारण ठरवायला बसलेल्यांत त्यांच्यातलं कुणीच नव्हतं. मी किंवा त्यांच्या बाईंनी ते दुरुस्त केलं नाही. शनिवारी तिसरीतली दोन मुलं बोलावली, त्यांना विदूषक केलं आणि वेळापत्रक वाचून दाखवलं. म्हणून प्रत्येक ठराव एका महिन्यापुरताच करायचा, खाली तारीख घालायची, आणि महिना भरला की तो परत फळ्यावर आणायचा, या वेळी धाकट्या वर्गातले दोघं पहिल्यापासून गोलात बसवून.